मोरीतला नैवेद्य

‘सांडपाण्याच्या वायूची दुर्गंधी, खिडक्या बंद ठेवा.’ फोनवर अशी सूचना आली की वाघोलीतली ती सोसायटी नाक दाबून बसे. मंदाकिनीबाईंच्या मोरीतून मात्र रोज उद्याच्या नैवेद्याचा वास येई, आणि दुसऱ्या दिवशी देवापुढे नेमका तोच पदार्थ असे. नैवेद्य दाखवण्याचा त्यांचा नेम एकदाही चुकला नव्हता.

“ताई, उद्या काय?” शेजारची अस्मिता विचारी.

“खीर! वाटी घेऊन ये.”

आज सूचना आली, ‘हवा शुद्ध आहे.’ खिडक्या धडाधड उघडल्या.

“उद्या संकष्टी. मोदक ना, ताई?”

“मोदकच गं! नारळही खवलाय बघ,” म्हणत मंदाकिनीबाई हसत मोरीशी वाकल्या.

हाताला ओल्या नारळाचा घमघमाट होता. मोरीला मात्र उद्याचा कसलाच वास नव्हता.