नटीचे पाय

बोटीवर जाणं सोडल्यापासून गुणाजी दिवसभर मोबाईलवर हॉलिवूडच्या एका जुन्या नटीचे ब्लॅक अँड व्हाइट नाच बघत बसायचा.

"काय पाय हायत तिचे, जशी लाटच," तो बायकोला सांगायचा. "पण नाव झालं ते हिरोचं. मग लगीन केलं, तर नवऱ्यानं नाचच सोडवला. सोन्यासारखी कला मातीत घातली त्यानं."

बोंबील वाळत घालता घालता नीराबाई नुसतं "व्हय" म्हणायची.

पुतणीच्या हळदीला बँजो सुरू झाला तसा बायकांनी नीराबाईचा हात ओढला.

"जा की," गुणाजी हसून म्हणाला, "तू कधी नाचताना दिसलीच न्हायस."



नीराबाईनं हात सोडवून घेतला, आणि त्यांच्या लग्नानंतर घरात आलेल्या पहिल्या हळदीत गुणाजीनंच तिला नाचातून ओढून जिथे धाडलं होतं, तिथे आत चुलीपाशी जाऊन बसली.