फोटोखालची ओळ

सात माणसांच्या पक्षीनिरीक्षण मंडळाची पहिली वेबसाइट पुतणीने दोन दिवसांत उभी केली असती, पण काकांनी तिला तीन आठवडे पिदवलं. प्रत्येक फोटोखाली त्यांना वर्णन हवंच होतं.

“अहो काका, फोटोत खंड्या ढळढळीत दिसतोय. त्याची पाठ निळी आहे, हे आणखी कशाला लिहायचं?”

“तू लिही गं मुकाट्याने. निळी पाठ, लांब चोच. वाकलेल्या फांदीच्या अगदी टोकाला बसलाय, नजर खाली पाण्यावर.”

कपाळाला हात लावत तिने एकशे चाळीस फोटोंची वर्णनं टाइप केली.

उद्घाटनाला सगळे काकांच्याच घरी जमले. मंडळ ज्यांनी सुरू केलं त्या मास्तरांना काकांनी हाताला धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. डोळे गेल्यापासून मास्तर मंडळाकडे फिरकले नव्हते. काकांनी फोनवर वेबसाइट उघडली, आणि फोन खंड्याचं वर्णन मोठ्याने वाचू लागला.

वाचून झालं तशी पुतणीनेच पहिली टाळी वाजवली.

मास्तरांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं.

“श्श... हळू! उडून जाईल ना तो.”