दार थोडं उघडं

सुनेचं वागणं हल्ली म्हातारीला बघवत नव्हतं.

ही बाई दबक्या पावलांनी चालायची. भांडं ठेवताना आवाज नाही, कपाट लावताना आवाज नाही. काही बोललं की "हो आई". उलट उत्तर म्हणून नाही. म्हातारी स्वतः आपल्या सासूशी कडाकडा भांडलेली. भांडणाशिवायचं घर तिला आजाऱ्याच्या खोलीसारखं वाटायचं.

"जिवंत आहेस ना गं?" तिनं विचारलं. "की मांजर आणलंय मी सून म्हणून?"

"हो आई."

"कशाला हो? मांजराला?"

सुनेनं नुसती मान खाली घातली. हसलीसुद्धा नाही.

बाहेरच्या खोलीत मुलगा बसला होता. चर्चच्या संस्थेनं चालवलेल्या निवाऱ्याचा तो व्यवस्थापक. अंगानं वाढलेली पण समजेनं लहानच राहिलेली माणसं तिथं असायची. त्यातल्या ढगोबाला त्यानं मारलं, कोठीत कोंडून ठेवलं, अशी तक्रार गेली होती. ढगोबा चाळिशीचा, पण कुणी नुसतं बोट दाखवलं तरी टाळ्या वाजवणारा. चौकशी होईपर्यंत संस्थेनं मुलाला घरी बसवलं होतं. तक्रार कुणी केली, ते संस्था सांगत नसे. तसा नियमच होता.

"बाहेरचं कुणी बोलायचं नाही," मुलगा म्हणाला. "सगळ्यांना आपापली नोकरी प्यारी आहे. घरातलंच कुणीतरी बोललंय."

निवाऱ्याचं स्वयंपाकघर सून सांभाळायची. म्हातारीही प्रार्थनेनंतर तिथल्यांचे फाटके कपडे शिवायला जायची. तेव्हा घरातलं म्हणजे कोण, हे त्यानं कधीच ठरवून टाकलं होतं. आवाज मात्र शांत. लहानपणीही काही फोडायच्या आधी तो असाच शांत व्हायचा. म्हातारीच्या हातातली सुई बोटात घुसली.

"शेजारीण विचारत होती, घरातली गोष्ट वेशीवर गेलीच कशी," ती बोट चोखत म्हणाली. "आता काय सांगू तिला? माझी तर मान वर होत नाही."

"सांग तिला, सुनेला विचार म्हणावं."

आत काहीतरी पडलं. सुनेच्या हातून पहिल्यांदाच.

दुपारी चौकशीच्या दोन बायका आल्या. आधी सुनेला आतल्या खोलीत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. मग म्हातारी गेली.

"दार थोडं उघडं ठेवावं लागतं हं, आजी," तरुण बाई म्हणाली. "बंद खोलीत कुणालाच बसवायचं नाही, असा आमचा नियम आहे. तुमच्याच भल्यासाठी."

भलं! दाराच्या फटीतून मुलाचे बूट दिसत होते. त्यानं खुर्ची अगदी दाराशी ओढली होती.

"मुलाबद्दल काय सांगाल?"

"मी वाढवलंय त्याला. मला ठाऊक नसणार तर कुणाला?"

"हात उगारतो का तो कुणावर?"

म्हातारीनं दाराच्या फटीकडे पाहिलं. आयुष्यात तिला कधी शब्द शोधावे लागले नव्हते. बूट हलले नाहीत.

"तुम्हाला मुलं आहेत?" तिनं विचारलं.

"आहेत."

"मग आईला असलं विचारू नये, बाई."

निघताना वयस्क बाईनं म्हातारीचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"तुझी कीव करून गेली," मुलगा म्हणाला आणि त्यानं दाराला आतून कडी घातली. खिडकीही लावून घेतली. मग बायकोकडे वळला. "आई माझ्या बाजूनं बोलली. ऐकलं मी. तू काय सांगितलंस?"

"काही नाही. खरंच काही नाही."

"आणि तक्रारीचा फोन?"

"मी नाही केला."

"मग काय ढगोबानं केला?"

त्यानं मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि सावकाश टेबलावर ठेवलं. अजून तो जागचा हललाही नव्हता, तोच सुनेचा हात आपोआप कानावर गेला. सवयीचा असावा तसा.

म्हातारीनं ते पाहिलं. या घरात ती आजवर कुणाला भ्याली नव्हती, आणि आता आपल्याच पोराच्या हातांकडे बघायचा तिला धीर होत नव्हता. तरी ती उठली. भिंत धरत धरत दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. मुलाकडे पाठ केली, आणि सुनेची हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं.

"भित्री आहेस तू, नुसती भित्री," ती म्हणाली. "तुझ्यात जराशी जरी धमक असती ना गं, तर पोटच्या पोराविरुद्ध तो फोन मला करावा लागला नसता."