लिही, देओलिंदा

"म्हणजे आता लक्झेंबर्गला जायचं नाही?" बेलमिरुनं पुन्हा तेच विचारलं.

"जा की, सेन्योर बेलमिरु. लेकीकडे जा, फिरून या," काचेपलीकडून पेन्शन कचेरीतली नोएमिया म्हणाली. "पण तिकडच्या ऑपरेशनचा खर्च आता तिकडचे देणार नाहीत. आधी तुम्हाला फक्त त्यांची पेन्शन होती, म्हणून दवाखानाही त्यांच्याकडे होता. गेल्या वर्षी तुम्ही इथली, पोर्तुगालचीही सुरू केलीत. राहता इथे, पेन्शन इथली, मग उपचारही इथलेच. दोन देशांच्या पेन्शनला हाच नियम आहे."

"कसली डोंबलाची पेन्शन! तरुणपणी चार वर्षं खाणीत दगड फोडले त्याची. महिन्याची ब्रेड-कॉफी सुटते फार तर."

"थोडी असली तरी पेन्शनच ती."

"मग घ्या परत."

"अर्ज करून बघता येईल. पण त्याला किती दिवस लागतील ते मला सांगता येणार नाही. आणि इथल्या ऑपरेशनची यादीही मोठी आहे."

दिवसच तर नव्हते. बेलमिरुचा एक डोळा लक्झेंबर्गमध्ये फरशा कापताना उडालेल्या कपचीनं केव्हाच नेला होता. उरलेल्या डोळ्यात आता साखरेमुळे रक्त उतरलं होतं, आणि त्याला समोरची माणसं दुधात बुडवल्यासारखी दिसत होती. तिकडच्या डॉक्टरनं पुढच्या महिन्यातली तारीख दिली होती. उशीर केलात तर माझ्या हातात काही राहणार नाही, असंही बजावलं होतं.

त्याची बायको देओलिंदा शेजारच्या खुर्चीत पर्स पोटाशी धरून बसली होती. आल्यापासून तिनं काचेकडे पाहिलं नव्हतं.

"हे आधी सांगायला काय झालं होतं, पोरी?"

"आम्ही सगळ्यांना सांगतो."

"मला सांगितलंस?"

नोएमियानं देओलिंदाकडे पाहिलं. देओलिंदानं स्वतःच्या बुटांकडे.

"तुम्हाला नाही," नोएमिया म्हणाली.

गेल्या वर्षी इथल्या पेन्शनचा अर्ज न्यायला देओलिंदा एकटीच आली होती. नोएमियानं तिला सगळं फोड करून सांगितलं होतं, आणि वर म्हणाली होती, घाई करू नका, त्यांना विचारून या. "विचारलंय," देओलिंदानं ठोकून दिलं होतं. बेलमिरु वर्षातून दोनदा तपासणीला म्हणून जायचा आणि पंधरा दिवसांचे दोन महिने करून यायचा. तिकडे लेक, नातवंडं, कामावरचे जुने दोस्त, पत्त्यांचा अड्डा. उभा जन्म त्यानं तिकडे काढला आणि ही इकडे ऑलिव्ह झोडपत राहिली. गावात अशा बायकांना जिवंत नवऱ्याच्या विधवा म्हणायचे, आणि वर हसायचे. म्हातारपणी तरी तपासणीचं निमित्त संपून नवरा घरात दिसावा, एवढंच तिला हवं होतं. तेव्हा डोळा चांगला होता. तेव्हा तिला यात पाप वाटलं नव्हतं.

आता वाटत होतं.

"पिवळी वही काढ," बेलमिरु म्हणाला.

तक्रारीची पिवळी वही प्रत्येक सरकारी कचेरीत असते. मागितली की मुकाट्यानं पुढे करावी लागते, आणि तिच्यात लिहिलेलं थेट वरच्या साहेबांकडे जातं. नोएमियानं वही फटीतून सरकवली. वर पेन ठेवलं.

"लिही, देओलिंदा. मला दिसत नाही."

"जाऊ दे ना. घरी जाऊ."

"का जाऊ दे? डोळा माझा चाललाय. लिही."

"लिहा हो आजी," रांगेतून कोणीतरी म्हणालं. "यांना असंच पाहिजे." दुसऱ्याच्या तक्रारीत रांगेला फार उत्साह असतो.

देओलिंदानं पेन उचललं.

"लिहिलंस?"

"तारीख लिहिली."

"पुढे लिही. या कचेरीतल्या बाईंनी आम्हाला नियम सांगितला नाही. आमच्यापासून लपवून ठेवला."

नोएमिया कॉम्प्युटरकडे बघत बसली होती. तिचे कान लाल झाले होते, पण हे खोटं आहे असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, देओलिंदाच्या मनात आलं. निदान भांडता तरी आलं असतं.

तिनं पेनाला टोपण लावलं.

"तिनं सांगितलं होतं."

"कोणाला?"

"मला. इथेच बसून."

बेलमिरुनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. म्हणाला, "तुला नीट कळलं नसेल. चौथीपर्यंत तर शिकलीस." आवाज एवढा मऊ होता की तिनं नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं.

"कळलं होतं," देओलिंदा म्हणाली. "सगळं कळलं होतं. म्हणून तर सही घेतली तुझी. तू घरी राहावास म्हणून."

नोएमियानं वही हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

बेलमिरु उठला. येताना तो बायकोचा दंड धरून आला होता. आता खुर्च्यांच्या पाठी चाचपत एकटाच निघाला. कोणीतरी पाय आत घेतले, कोणीतरी पिशवी उचलली. खुर्च्या संपल्या तिथे तो थबकला. डाव्या हाताला दार होतं, उजवीकडे नुसती भिंत.

"डावीकडे," देओलिंदा मागून म्हणाली. "दार डावीकडे आहे, बेलमिरु."

त्यानं ऐकलं, आणि तो उजवीकडे वळला.