आधी पाणी, मंग आग

"या घरात काडेपेटी जागेवर राहीन तर शपथ," सेक्टर सहाचं क्वार्टर पालथं घालत दयाराम पुटपुटले. काडेपेटी सुनेच्या, वसुंधराच्या मुठीत होती.

दयारामांनी मुलाच्या लहानपणी त्याच्यासाठी आणलेल्या वाफेवरच्या खेळण्यातल्या इंजिनाला आता नात उत्कर्षा नाक लावून बसायची. गेल्या रविवारी त्यांनी त्याच्या कोरड्या बॉयलरखाली दिवा लावला. बॉयलर फुटता फुटता वाचला, आणि सगळ्यांनी हसून वेळ मारून नेली.

"आजोबा, ये लो." उत्कर्षाने देवघरातली काडेपेटी आणली. दयारामांनी काडी पेटवली. वसुंधरा पुढे सरकली.

"मामाजी, पाणी भरलं?"

"आधी पाणी, मंग आग. तुया नवऱ्याले मीनंच शिकवलं."

तिने इंजिन उचलून हलवलं. आत थेंबही वाजला नाही.

काडी बोटापर्यंत जळत आली. दयारामांनी ती विझवली आणि नातीला मागे ओढलं.

"दूर बस, माय. तुया आजोबाले आता आठवत नाही."