ओली सिगारेट

तांब्याच्या खाणीतून निवृत्त झालेल्या लायलने सकाळी सिगारेटचं शेवटचं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि पुन्हा हात जाऊ नये म्हणून वरून खरकटं पाणी ओतलं. दुपारी त्याच हाताने तो डबा उपसत होता. अंड्याची टरफलं, कॉफीचा चोथा, बेकनची गोठलेली चरबी आणि तळाशी पाकीट. बुळबुळीत झालेली एक सिगारेट त्याने शर्टाला पुसली आणि बायकोच्या हेअर ड्रायरखाली धरली. आंबूस वास सुटला. त्याला स्वतःचीच किळस आली, पण तोंडाला पाणीही सुटलं.

"लायल?"

दारात त्याची बायको व्हर्ना उभी होती. तिच्या फुप्फुसाचा तुकडा काढून महिनाही झाला नव्हता. सिगारेट दोघांनी मिळून सोडायची, असं हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून त्यानेच म्हटलं होतं.

"जनावरापेक्षा वाईट झालोय गं मी," तो मान खाली घालून म्हणाला. "थुंक माझ्या तोंडावर."

व्हर्ना थुंकली नाही की ओरडली नाही. जवळ येऊन तिने ड्रायर बंद केला.

"याने कागद फाटतो रे," ती धापा टाकत म्हणाली. "ओव्हनमध्ये ठेव. मंद आचेवर."

त्याने ओव्हन उघडला. आतल्या ट्रेमध्ये फुटपाथवरच्या बर्फातून वेचलेली पाच-सहा थोटकं वाळत घातली होती. त्यातल्या दोन थोटकांना लाल लिपस्टिक लागलेली होती. व्हर्नाने आयुष्यात कधी लिपस्टिक लावली नव्हती.