गौरींपुरती गोळी

“घे, दुधाबरोबर घे. आज सुरू केलीस की गौरी जाईपर्यंत काळजी नाही,” शैलजाबाई म्हणाल्या आणि गोळ्यांची पट्टी त्यांनी पुरणाच्या पातेल्याशेजारी ठेवली.

भैरवीच्या हातातला डाव तसाच राहिला. पाळी पुढे ढकलायची गोळी! जी पाळी मे महिन्यापासून आलेलीच नव्हती, ती आता सासूबाईंना पुढे ढकलायची होती. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

चार वर्षं ती मूल होऊ नये म्हणून गोळ्या घेत होती, आणि तेही काही स्वतःच्या हौसेने नव्हे. नवरा, अभिजित, इथे आखातात वर्ल्ड कपच्या स्टेडियमवर इंजिनिअर. आधी छत बसू दे, मग मैदानावर गवत रुजू दे, मग पाहुण्यांची पाहणी उरकू दे. स्टेडियम सजून तयार झालं तेव्हा कुठे साहेबांना बाप व्हायला सवड मिळाली. मे महिन्यात तिने गोळ्या बंद केल्या आणि पाळीने जी दडी मारली ती मारलीच. घरी टेस्ट केली, एकच रेघ. पुन्हा केली, पुन्हा एकच.

मागच्या आठवड्यात ती डॉक्टर रबियाकडे गेली. “गोळ्या सोडल्यावर काहींना वेळ लागतो,” डॉक्टर आपल्या शांत हिंदीत म्हणाली होती. “थोड्या दिवसांनी परत टेस्ट करू. मध्ये पाळी आली तर चांगलीच गोष्ट.” आणखी कुठली गोळी घेतलीस का, असंही तिने विचारलं होतं. भैरवीने ठामपणे नाही म्हणून सांगितलं.

श्रावणातल्या सत्यनारायणाला सासूबाईंनी हीच गोळी दिली होती आणि तिने ती घेतलीही होती. पण ते सांगायचं तिला सुचलंच नाही. माहेरी काय, सासरी काय, घरात कार्य निघालं की नारळ-सुपारीबरोबर ही पट्टी यायची. ती गोळी तिच्या लेखी कधी औषधात मोडलीच नव्हती. आता ती समोर बघताना तिला स्वतःचाही राग आला.

बाहेर हॉलमध्ये इथल्या मराठी मंडळाच्या बायका गौरींना साड्या नेसवत होत्या. “यल्ला, चला लवकर, पिना आणा कुणीतरी!” नमिता ओरडली आणि लगेच स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, “आणि काकू, आमच्या भैरवीला फार वाकायला लावू नका हं!” हशा पिकला. भैरवीच्या अंगाचा भडका उडाला. शैलजाबाईंनी गोड बातमी सगळ्या अल गराफा वस्तीभर वाटून टाकली होती. टेस्टच्या पट्टीला काय कळतंय, त्यांना सुनेच्या चेहऱ्यावर तेज दिसलं होतं. लोकांनी अभिजितचं अभिनंदनही केलं, तर तो आपला नुसता हसला.

“आई, मला दिवस गेलेत असं तुम्हीच सांगितलंत ना सगळ्यांना?”

“हळू बोल. गेलेतच. मला कळतं.”

“मग ही कशाला?”

शैलजाबाई तिच्या हातातला डाव घेऊन पुरण ढवळू लागल्या. मागच्या दाराबाहेर त्यांची तुळस होती. नाशिकहून आणलेल्या बियांची. उन्हात जळू नये म्हणून तिच्यावर त्यांनी जुनी चादर बांधली होती. तिकडे बघत त्या म्हणाल्या, “खात्री आहे गं. पण घरात गौरी बसल्यात. उद्या सोवळ्यातला नैवेद्य. ऐन वेळी काही झालं तर या परक्या मुलखात करायला दुसरं आहे कोण? एवढ्याशा गोळीने काय होतंय?”

“दिवस असले तर ती बाळाला बाधेल. नसले तर जिची मी डोळे लावून वाट बघतेय, तिलाच तुम्ही दारातून परत पाठवताय. तुम्हाला नातू हवाय की नकोय?”

“फार शिकलात तुम्ही!” शैलजाबाईंनी डाव पातेल्यावर आपटला. “आमच्या सासूबाई अशीच पुढ्यात ठेवायच्या. आम्ही मुकाट्याने गिळायचो. तोंडातून अक्षर काढलं नाही कधी. म्हणून घरं टिकली.”

भैरवीला आता आवाज आवरेना. चार वर्षं स्टेडियमने ठरवलं, आता गौरी ठरवणार. तिच्या पोटात काय व्हावं आणि कधी व्हावं, हे तिच्याखेरीज सगळे ठरवत होते. तिने पट्टी उचलली.

“मी नाही घेणार. पाळी यायची असेल तर खुशाल येऊ दे. गौरींसमोर आली तरी मी पेढे वाटीन!”

हॉलमधली बडबड एकदम थांबली. भैरवीने कचऱ्याच्या डब्याचं झाकण पायाने उघडलं.

“कचऱ्यात नको!” शैलजाबाईंनी तिचं मनगट धरलं. त्यांचा हात पुरणाने माखला होता. आता सासूबाई रडणार, गौरींची शपथ घालणार, असं भैरवीला वाटलं. तिने हात सोडवून घ्यायला झटका दिला. त्यांनी सोडला नाही. एकदा हॉलच्या दाराकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला.

“तिथे कुणाच्या तरी नजरेस पडेल. तुळशीत पुरून टाक. अभिजित पोटात होता, तेव्हा सासूबाईंनी दिलेली मीही तुळशीतच पुरली होती.”